प्री-मेडला कुठली स्टेट युनिव्हर्सिटी?

१ मे, म्हणजे बहुतेक अमेरिकन कॉलेजांत प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख, तोंडावर आली, त्यामुळे आज दिवसभर फोनवर एकच विषय: अ‍ॅन आर्बर (मिशिगन युनिव्हर्सिटी), बर्कली (कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) की घराजवळची स्टेट युनिव्हर्सिटी?

मुळात अमेरिकेत प्री-मेड, म्हणजे मेडिकलला जाण्याआधीची कॉलेजातली तयारी, ही पदवीच नव्हे. मेजर (पदवीचा मुख्य विषय) इतिहासही चालतो. फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स (लॅबसकट) आणि शक्यतो बायोकेमिस्ट्री झालेली हवी. हे विषय सगळीकडे असतात, म्हणून रँकिंगपेक्षा जीपीए (ग्रेड्सची सरासरी) कुठे टिकेल ते बघा. पहिल्या वर्षी केमिस्ट्रीला एका हॉलमध्ये तीन-चारशे मुलं. सी आला म्हणून विषय पुन्हा घेतला, तर युनिव्हर्सिटी कदाचित जुनी ग्रेड धरणार नाही. पण मेडिकलचे अर्ज घेणारी 'एमकॅस' दोन्ही धरते. बहुतेकांना हे कळतं ते तिसऱ्या वर्षी!

शिफारसपत्राचं दुखणंही तिथलंच. शेवटच्या रांगेतल्या मुलाबद्दल प्रोफेसर लिहिणार तरी काय? पहिल्या महिन्यापासून ऑफिस अवर्सना (प्रोफेसर मुलांना भेटतात त्या वेळेला) जाऊन बसायचं, दुसरा इलाज नाही.

अ‍ॅन आर्बरला युनिव्हर्सिटीचं हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. बर्कलीच्या कॅम्पसवर स्वतःचं मेडिकल कॉलेज नाही. शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघणं) बाहेर शोधावं लागतं.

टेक्ससवाल्यांनी राज्य सोडताना दोनदा विचार करावा. तिथलं रहिवासीपण गेलं, तर सरकारी मेडिकल कॉलेजांत बाहेरच्यांना जेमतेम १० टक्के जागा. शिवाय परराज्याची फी चार वर्षं भरली की मेडिकलसाठी गाठीशी उरतं काय?

आणि एच-४ वरची (एच-१बी व्हिसावाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) घरं: ग्रीन कार्ड नसेल तर बरीच मेडिकल कॉलेजं अर्जच घेत नाहीत, आणि मुलांचा एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो.