हजेरीत ‘हेल्पर’, हाताखाली रोलर

इंदूरहून खलघाटकडे जाणाऱ्या महामार्गावर मी ठेकेदाराच्या पॅचवर्कच्या टोळीत आहे. खड्डा चौकोनी कापायचा, डांबराचे पातळ इमल्शन मारायचे, गरम माल पसरायचा, वरून रोलर. रोलर मीच चालवतो आणि त्याच्या लॉगबुकात सहीही माझीच असते. हजेरीपत्रकात मात्र माझ्या नावापुढे वर्षानुवर्षे ‘हेल्पर’, म्हणजे अकुशल. मजुरीही तेवढीच.

2024च्या पावसाळ्यात मी हे धसास लावायचे ठरवले. सुपरवायझर म्हणे, राज्याचे किमान वेतनाचे दर कोर्टात अडकलेत, निकाल लागू दे. एप्रिलपासूनच्या वाढीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने स्थगिती दिली होती, हे खरेच. पण इंदुरात आमच्या रामबागेत एक काका आहेत, कामगार न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “आधी हे सांग, रस्ता कोणाचा?” राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण केंद्राच्या 1988च्या कायद्याने स्थापन झालेले. त्याच्या रस्त्यावरच्या मजुरांना केंद्राचे दर लागतात. राज्याच्या निकालाची वाट बघायचे कारणच नव्हते.

केंद्राच्या किमान वेतनाची अधिसूचना 19 जानेवारी 2017ची. रस्त्याची देखभाल त्यात स्पष्ट आहे. दर ठिकाणाच्या क्षेत्राप्रमाणे ठरतात: ‘ब’ क्षेत्रात दिवसाची मूळ मजुरी अकुशलला 437, अर्धकुशलला 494, कुशलला 579 रुपये. ‘क’ क्षेत्रात 350, 410 आणि 494. वर महागाई भत्ता, जो 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला बदलतो. इंदूर शहर ‘ब’मध्ये, ज्या गावांचे नाव यादीत नाही ती सगळी ‘क’मध्ये. म्हणजे तोच रोलर, तोच माणूस, पण शहराबाहेर मानपूरच्या घाटात मजुरी कमी. मला हे अजूनही अन्यायाचे वाटते, पण नियम तसा आहे. म्हणून कोणत्या तारखेला कोणत्या किलोमीटरवर होतो, हे वहीत लिहायला लागलो.

अर्ज केंद्रीय श्रम अधिकाऱ्यांकडे दिला. सोबत लॉगबुकाच्या पानांचे फोटो, माझे लायसन्स, बँकेचे पासबुक आणि ती वही. तेव्हा किमान वेतन कायद्यात दाव्याला सहाच महिन्यांची मुदत होती, त्यामुळे मागची वर्षे हातची गेली. (21 नोव्हेंबर 2025पासून वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्यात मुदत तीन वर्षांची आहे.)

श्रम अधिकाऱ्यांसमोरच्या बैठकीत ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “ये तो हेल्पर है साहब, कभी-कभी रोलर पे बैठ जाता है.” साहेबांनी लॉगबुक मागवले. पानापानावर माझी सही. मग त्यांनी समजावले की कमी दिलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते, आणि ठेकेदाराने नाही दिले तर मूळ नियोक्त्याला, म्हणजे ज्याने ठेका दिला त्याला, भरावे लागते. त्यानंतर फारसा वाद झाला नाही. फरक खात्यात जमा झाला, हजेरीत ‘कुशल’ लागले.

दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणाऱ्या आमच्या टोळीतल्या बायका मात्र राहिल्या आहेत. त्या काम करतात शहराच्या हद्दीत आणि मजुरी मिळते ‘क’ची. त्यांच्या नावांचा अर्ज मी लिहून दिलाय, आता त्या रोज किलोमीटरच्या दगडाजवळ फोटो काढून ठेवतात.