"गाठ कधी काढणार?"

मला स्तनाचा कॅन्सर आहे हे तासगावात कळल्यावर भेटायला येणारी प्रत्येक जण हेच विचारायची. मीही तेच धरून बसले होते, की एकदाची काढून टाकली म्हणजे सुटले.

मिरजेला बायोप्सी झाली. हार्मोनचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी; हर-टू निगेटिव्ह, म्हणजे त्या नावाचं प्रथिन वाढलेलं नाही. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे अंगभर कॅन्सर शोधणाऱ्या तपासणीत, खुब्यात आणि मणक्यात डाग निघाले, आजार हाडांत पसरला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ता नाही. मला वाटलं, यांनी हात टेकले.

त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात आजार पसरलेल्या ३५० बायकांवर अभ्यास झाला, २०१५ साली तो छापून आला. औषधानं आजार दबल्यावर साधारण निम्म्या जणींच्या गाठीवर ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) झाले, बाकीच्यांच्या नाही. आयुष्य त्यानं वाढलं नाही.

आमचे हे तोवर गप्प होते. म्हणाले, "द्राक्षावरच्या डावणी रोगासारखंच की. एक पान तोडून काय होतंय? सगळ्या बागेला फवारा लागतो." डॉक्टर हसले. म्हणाले, "अगदी. पण जिथं ठणकतंय तिथं शेक देऊ."

खुब्याला शेक एकाच दिवसात झाला. मार्करनं कातडीवर रेघा मारल्या आणि त्या पुसू नका म्हणून बजावलं. पुढचे दोन दिवस दुखणं उलट वाढलं, मी रडकुंडीला आले. हे आधी सांगितलं होतं, पण दुखताना कुणाला आठवतंय? तिसऱ्या आठवड्यात मात्र चुलीपुढं पाटावर बसून भाकऱ्या थापल्या.

औषधं म्हणजे रोज हार्मोन दाबणारी लेट्रोझोल, आणि कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारं पालबोसिक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी. पालबोसिक्लिबचं पेटंट २०२३ मध्ये संपलं, ते स्वस्त झालं, म्हणून आम्हाला झेपतंय. हाडं बळकट करणाऱ्या सलाईनआधी दात तपासून घेतले, कारण नंतर दात काढावा लागला तर जबड्याला त्रास होऊ शकतो. सरकारी उपचार योजनेच्या कागदांचं विचारू नका. केशरी कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, त्यात दोन हेलपाटे गेले.

गाठ अजून आहे. लिंबाएवढी होती, आता हाताला सुपारीएवढी लागते. फुटली, रक्त यायला लागलं, तर तेव्हा ऑपरेशनचं बघू, असं ठरलंय.

परवा रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी कमी, म्हणून पालबोसिक्लिबचं नवं पाकीट आठवडाभर पुढं ढकललं. कॅलेंडरवरच्या फुल्या खोडून पुन्हा मारत होते, तेवढ्यात जाऊबाई आल्या. गाठीचंच विचारत होत्या.