आजोबांचं हस्तलिखित संग्रहालयातून परत मागितलं तेव्हा

आजोबांच्या हातची वही एका संग्रहालयात आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती देऊन टाकली की नुसती ठेवायला दिली, यावर मात्र एकमत नव्हतं. काका म्हणायचे, दान केली. आत्या म्हणायची, छे, दादांनी (म्हणजे आजोबांनी) फक्त सांभाळायला दिली होती. शेवटी मी लेखी अर्ज केला.

उत्तरात चौकशांची यादीच आली: वस्तूचं वर्णन, जुना फोटो असल्यास तो, दिल्याची पावती, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती. आपलीच वस्तू मागायला एवढं? पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर पटतं. आज माझ्या हातात वही दिली आणि उद्या चुलतभाऊ कोर्टात गेला, तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. काकांची सही मिळवणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम होतं, पण ती वेगळी कथा आहे.

खरा निकाल लागला तो रजिस्टरवर. मालकीची झालेली वस्तू ॲक्सेशन रजिस्टरमध्ये चढते. उसन्या वस्तूंची नोंद वेगळी असते आणि क्रमांकही वेगळ्या पद्धतीचा. वहीच्या शेवटच्या पानामागे कोपऱ्यात पेन्सिलने बारीक क्रमांक घातलेला होता (कागदावर शाईने लिहीत नाहीत, पेन्सिल पुसता येते). त्याच्या आधी ‘एल’ होतं, म्हणजे लोन. आत्या जिंकली. मूळ पत्रात मुदत लिहिलेलीच नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं ना त्यांनी विचारलं ना आम्ही.

दानपत्र निघालं असतं तर गोष्ट तिथेच अडली असती. संग्रहातली वस्तू काढायची तर विश्वस्तांची मंजुरी लागते, आणि काही ठिकाणी विश्वस्तांचेही हात कायद्याने बांधलेले असतात. ब्रिटिश म्युझियमला 1963 च्या कायद्यामुळे मोजके अपवाद सोडता काही देऊन टाकता येत नाही. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमवर 1983 च्या कायद्याचं तसंच बंधन आहे. 2024 मध्ये तिथली वाघनखं साताऱ्यात आली तीही तीन वर्षांच्या मुदतीवर, उसनी. याउलट ग्लासगोची संग्रहालयं नगरपालिकेच्या अखत्यारीत, म्हणून त्यांना 2022 मध्ये भारताच्या सात वस्तू परत देण्याचा करार करता आला. ‘चोरीचं आहे, देऊन टाका’ असं म्हणणं सोपं आहे. निर्णय कुणाच्या हातात आहे, हे आधी शोधावं लागतं.

परत देण्याआधी वहीची तपासणी माझ्यासमोर झाली. संवर्धक बाईंनी वही सपाट उघडलीच नाही. दोन्ही बाजूंना फोमचे उतरते ठोकळे लावून पुठ्ठे त्यांवर टेकवले. हातात पांढरे मोजे नव्हते. मोज्यांमुळे बोटांना पानाची जाणीव होत नाही आणि कडा फाटतात, म्हणून स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे, असं त्या म्हणाल्या. मग खोलीतले दिवे घालवून एका बाजूने तिरपा उजेड टाकला आणि साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या घड्या, पाण्याचे जुने फुगवटे सगळे उठून आले. शाईत लोह असल्याने काही अक्षरांनी कागद खाल्ला होता; ‘श्री’च्या जागी चक्क भोक. प्रत्येक डाग फोटोसह अहवालात उतरवला गेला आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या झाल्या. नंतर कुणी म्हणायला नको, हे तुमच्याकडे फाटलं.

वही घरी आली. पण आमच्या कपाटात तिचं भलं होणार नाही, हे तपासणी पाहिल्यावर कळलंच होतं. त्यामुळे काही महिन्यांनी त्यांनी प्रदर्शनासाठी मागितली तेव्हा आम्ही हो म्हटलं, या वेळी करार नीट वाचून. उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नाही. तेच पान सतत उघडं ठेवायचं नाही. विमा आमच्या दारातून निघाल्यापासून परत दारात येईपर्यंतचा, आणि किंमत आधीच ठरवलेली. फोटो छापायचा तर आधी विचारायचं. त्यांच्या मसुद्यात ‘पुढील सूचनेपर्यंत’ असं एक वाक्य होतं. तेवढं खोडून मी तिथे परतीची तारीख घालायला लावली.