लेव्हल बरोबर होती

जुलैमध्ये एक गाडी आमच्या चिंचवडच्या वर्कशॉपला चौथ्यांदा आली. तक्रार तीच. पाऊस लागला की डॅशबोर्डवर पिवळा दिवा, 'समोरचं रडार झाकलं गेलंय' असा मेसेज, आणि रडारच्या मदतीने पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ व आपोआप लागणारा ब्रेक दोन्ही बंद. आधीच्या तिन्ही वेळा पोरांनी स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड दिसला नाही, बंपर पुसून गाडी परत दिली. जॉबकार्डवर शेरा : पावसात असे होऊ शकते, मॅन्युअल पाहावे. मॅन्युअलमध्ये तसं आहेच. पण किती पावसात, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही याचा मला अजून राग येतो.

गाडीच्या मॅडम दर आठवड्याला आईच्या उपचारांसाठी एक्सप्रेस-वेने मुंबईला जातात. म्हणाल्या, "दादा, कोरड्या रस्त्यावर माझं मी बघते. मला ते पावसातच हवंय."

आधी रडारची दिशा तपासली. एका अंशाचा फरक पडला तरी शंभर मीटरवर नजर पावणेदोन मीटर सरकते, म्हणजे अर्धी लेन. दिशा बरोबर होती. ब्रॅकेट सरळ, कनेक्टर कोरडा, बॅटरीचं व्होल्टेज ठीक. मग भुरभुर सुरू असताना गाडी घेऊन ताथवड्याहून देहूरोडकडे निघालो. वायपर अधूनमधून एक फेरी मारेल एवढाच पाऊस, आणि पुनावळ्याच्या आसपास दिवा लागला. परत येऊन त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्याच रस्त्याने नेली. दिवा नाही. त्या गाडीचा बंपर मॅडमच्या गाडीला चढवला आणि तिसरी फेरी मारली, तेव्हा पाऊस वाढला होता. तरीही दिवा नाही.

म्हणजे रडार निर्दोष, दोष बंपरचा. पण बंपर दिसायला नवाकोरा.

या मॉडेलमध्ये रडार रंगवलेल्या बंपरच्याच मागे असतं. ते ७७ गिगाहर्ट्झवर चालतं, लहर चार मिलिमीटरहूनही आखूड. एवढ्या आखूड लहरीला प्लॅस्टिकवरचा प्रत्येक थर जाणवतो, आणि चंदेरी मेटॅलिक रंगात तर अ‍ॅल्युमिनियमचे कण असतात. रंगाची जाडी मोजायचं आमचं यंत्र पत्र्यावर चालतं, प्लॅस्टिकवर नाही. म्हणून रडारच्या बरोबर समोर रुपयाएवढी जागा पॉलिशपेपरने तिरकी घासली. झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं उघडी पडली : क्लिअर, चंदेरी, प्रायमर, त्याखाली लांबीचा, म्हणजे खोक भरायच्या पुट्टीचा, रुंद राखाडी पट्टा, आणि लांबीखाली पुन्हा जुना चंदेरी. कोरड्या हवेत रडार एवढ्यातून कसंबसं पाहत होतं. वर पाण्याचा पापुद्रा आला की संपलं.

जुनं बिल काढलं. फेब्रुवारीत पार्किंगमध्ये बंपर घासला होता, आणि काम आमच्याच पेंटशॉपचं. विम्यात प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, नसेल तर निम्मे पैसे मालकाच्या खिशातून. सर्व्हेअरने फोटो पाहून 'रिपेअर' लिहिलं, मॅडमना तेच परवडलं, आम्ही केलं. बंपरमागे काय आहे हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नव्हता. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकात रडारसमोर लांबी भरू नये असं साफ लिहिलंय, पण ते पुस्तक इंग्रजीत आहे आणि आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. पेंटशॉपमध्ये ते कधी पोचलंच नाही.

लांबी भरली होती मामांनी. तीस वर्षं रंगकाम करणारे आमचे मामा. त्यांनी जुळवलेला चंदेरी उन्हात धरला तरी जोड सापडत नाही. मी अर्धा तास त्यांना हाक मारायचं टाळत होतो. शेवटी म्हटलं, "मामा, जरा इकडे येता का?"

त्यांनी घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, मग आजूबाजूला तळहात. डोळे मिटून, नेहमीसारखे. म्हणाले, "लेव्हल बरोबर आहे की रे, पोरा."

होतीच. तसूभरही उंचसखल नव्हतं. पूर्ण खोक भरून निघाली होती, आणि तेच रडारला नडत होतं. मी लहरीबद्दल जमेल तसं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मला हे आधी कुणी सांगितलं का नाही?" वर्कशॉपमध्ये एडीएएसचं, म्हणजे रडार-कॅमेऱ्यावर चालणाऱ्या अशा मदतनीस यंत्रणांचं, ट्रेनिंग झालं तेव्हा आम्ही मेकॅनिक आणि अ‍ॅडव्हायझर बसलो होतो. पेंटरना बोलवावं असं मलाही सुचलं नव्हतं.

नवा बंपर मामांनीच रंगवला, ठरल्या जाडीचे पातळ हात देऊन. खर्च वर्कशॉपने सोसला. त्यासाठी मला मॅनेजरशी दोन दिवस भांडावं लागलं. मॅडम त्यानंतर भर पावसात दोनदा मुंबईला जाऊन आल्या, दिवा लागला नाही.

त्याच आठवड्यात मामा आपली वही घेऊन आले. रंगाचे कोड आणि गाडीचे नंबर ते तारखेसह लिहून ठेवतात. आमच्या सिस्टीममध्ये नुसतं 'बंपर रिपेअर', वहीत मात्र लांबी कुठे भरली तेही. रडार असलेल्या अकरा गाड्या निघाल्या. मी फोन लावत होतो, मामा शेजारी उभे राहून एकेक नंबर खोडत होते. सात जणांशी बोलणं झालं, त्यांतल्या दोघांनी तो दिवा पाहिला होता आणि पावसामुळे असेल म्हणून सोडून दिला होता. चौघांचे फोन अजून लागलेले नाहीत.