फळीची कड आणि दहा बोटं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ जण लिहितील. आपल्या सुतारकामाच्या वर्गातून बाहेर पडलेल्यांना पुढे रंधा मशीन (फिरत्या पात्यांवरून फळी ढकलून ती सरळ करायचं यंत्र) भेटतंच, आणि हा अंक सध्याच्या मुलांच्याही हाती पडणार आहे. तेव्हा मी फळीच्या कडेबद्दलच लिहितो.

वर्गात जॅक प्लेनचा, म्हणजे हातरंध्याचा, क्रम ठरलेला होता: आधी रुंद बाजू सपाट, तिच्यावर पेन्सिलीची खूण, मग त्या बाजूला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून कड. मशीनवरही तेच, फक्त गुण्याचं काम फेन्स, म्हणजे टेबलावरची उभी आधारपट्टी, करते. फेन्स टेबलाशी काटकोनात आहे का, हे गुण्या लावूनच बघावं. फेन्सवरच्या आकड्यांवर विसंबू नये. आणि रुंद बाजूच पिळलेली असेल, तर ती फेन्सला धड टेकतच नाही.

खरी गोम आउटफीड टेबलात, म्हणजे पात्याच्या पलीकडच्या टेबलात, असते. ते पात्याच्या सर्वांत वरच्या टोकाशी समपातळीत हवं. खाली राहिलं, तर फळीचं शेपूट (मागचं टोक) पात्याच्या अलीकडचं इनफीड टेबल सोडताना पात्यावर बसतं आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतो. वर राहिलं, तर फळीचं तोंड (पुढचं टोक) टेबलाला अडतं. तपासायची रीत सोपी आहे. प्लग काढा, आउटफीड टेबलावर लाकडाची सरळ पट्टी पात्यावर येईल अशी ठेवा आणि ब्लॉक (पाती बसवलेला गोल दंड) पुलीला धरून फिरवा. प्रत्येक पातं दोन्ही टोकांना पट्टीला जेमतेम घासून जायला हवं. एकच पातं पट्टी ओढत असेल, तर काम तेवढंच करतं आणि कडेवर लाटा उमटतात. सागात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. बोथट पात्यावर माणूस जास्त जोर लावतो आणि तिथेच हात घसरतो.

इनफीड टेबल जेवढं खाली, तेवढा काप खोल. अर्धा सूत, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, पुरे. शेवटचा हात पाव सुताचा. बाभूळ, शिसव असेल तर पहिल्यापासूनच पाव सूत.

फळी धनुष्यासारखी वाकलेली असेल, तर खोलगट कड खाली घ्यावी, म्हणजे ती दोन टोकांवर टेकते. फुगीर कड खाली घेतली की फळी डोलते आणि कड सरळ होत नाही. रुंद बाजूवरच्या रेषाही बघाव्यात: त्या तोंडाकडून शेपटाकडे खाली उतरत जायला हव्यात. उलट्या असल्या की पातं तंतू उपटतं आणि ढलप्या निघतात.

आता हात. ते फळीच्या वरच्या अंगाला, फेन्सकडे दाबलेले, आणि पात्याच्या वरून कधीच नेऊ नयेत. फळीचा वीतभर भाग पलीकडे गेला की डावा हात आउटफीडवर टेकवायचा. त्यानंतर दाब तिकडेच, उजव्या हाताने नुसतं ढकलायचं. एक फुटापेक्षा आखूड तुकडा मशीनवर घेऊच नये. लांब फळीची कड रंधून मग कापावी. अरुंद पट्टीला ढकलायचा ठोकळा हवा. हातमोजे नकोत, पातं बोटासकट ओढून नेतं. गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण) ‘मध्ये मध्ये येतो’ म्हणून काढणारे कारागीर भेटतील. त्यांचं इतर सगळं शिकावं, हे सोडून. फळी उलटी फेकली जाऊ शकते, म्हणून तिच्या अगदी मागे उभं न राहता बाजूला राहावं.

टेबलटॉपसाठी फळ्या जोडताना एक युक्ती कामाला येते. पहिल्या फळीची खुणेची बाजू फेन्सला, दुसरीची फेन्सच्या उलट. फेन्स ८९ अंशांवर असली, तर दुसऱ्या फळीला ९१ मिळतात आणि जोड सपाट बसतो. मात्र दुसऱ्या फळीचीही पाठ आधी सपाट केलेली हवी.

समोरची कड मात्र या मशीनवर समांतर होत नाही. ती गोल करवतीवर, रंधलेली कड फेन्सला लावून, चिरून घ्यावी.