आधी ओळख की आधी प्रेम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न मला नेहमी येतो: "देवाला नीट ओळखतच नाही, तर त्याच्यावर प्रेम कसं करायचं? आधी ज्ञान नको का?"

शंका रास्त आहे, आणि जुनीही. जे मुळीच ठाऊक नाही त्यावर प्रेम जडत नाही, हे प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनही मान्य करतो. पण त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयी, लिहिताना त्याला बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातून वाट सापडते. देव प्रीती आहे, असं योहान म्हणतो. मग भावावर प्रेम करणाऱ्याला ते प्रेम तरी ठाऊक असतंच, अगदी भावापेक्षाही जवळून. म्हणजे ओळखीला तिथेच सुरुवात झालेली असते.

माझं मन मात्र प्रेषित पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या आठव्या अध्यायापाशी जास्त रेंगाळतं. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही, यावरून ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत वाद होता. जाणत्यांचं म्हणणं बिनतोड: देव एकच, मूर्तीत काही नाही, मग खाल्लं तर बिघडलं काय? पौल ते खोडत नाही. तो दाखवतो शेजारचा माणूस, ज्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही. जाणता देवळात जेवायला बसलेला पाहून तोही खाणार, आणि मन खात राहणार. ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला तो भाऊ असा खचला, तर जाणत्याचं ज्ञान बरोबर असून काय उपयोग?

त्याच अध्यायाच्या तिसऱ्या वचनात 'जो देवावर प्रीती करतो तो देवाला ओळखतो' असं काही येईल असं वाटतं. पण पौल लिहितो, त्याला देव ओळखतो. इथे मी दर वेळी थबकतो. माझी सगळी धडपड देवाला ओळखायची, आणि त्यानं मला आधीच ओळखलेलं!

प्रेम ज्ञानाच्या पुढे का जातं, याचं कारण ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसनं तेराव्या शतकात मांडलं. बुद्धी जे जाणते ते स्वतःच्या मापानं आत घेते. प्रेम आपणहून त्या वस्तूकडे जातं. म्हणून या आयुष्यात देवाला जाणण्यापेक्षा त्याच्यावर प्रेम करणं श्रेष्ठ. एरवी इच्छेपेक्षा बुद्धीला वरचं स्थान देणारा माणूस हे म्हणतो, म्हणून मला ते फार वजनदार वाटतं.

अभ्यास सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. प्रेमाच्या नावाखाली आपल्याला हवा तसा देव घडवणं फार सोपं असतं, आणि शास्त्र वाचल्याशिवाय ते ध्यानातही येत नाही. तेव्हा वाचा, भांडा, शंका काढा. फक्त ओळख पुरी होईपर्यंत प्रेम राखून ठेवू नका. डोळ्यांपुढच्या भावावर प्रेम न करणाऱ्याला न पाहिलेल्या देवावर प्रेम करता येत नाही, असं योहान बजावतो. ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे असं कुणी असेल, तर मी म्हणेन, आधी त्याच्याकडे जा.