पहिला ट्रे गेला, दुसरा उभा आहे

गेल्या वर्षापासून डोक्यात होतं की मिरचीच्या रोपांसाठी कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट विकत आणायची नाही, फळांच्या सालींच्या खतावरच ट्रे भरायचा. हा हट्ट अर्धामुर्धा सुटला.

फेब्रुवारीअखेर रंकाळ्याकडच्या एका ज्यूसवाल्याला विचारलं. "घेऊन जावा की, आमचंबी मोकळं होतंय," म्हणाला. मोसंबी, अननस, कलिंगड, थोडी पपई. सोबत रसवंतीचं वाळलेलं चिपाड. उन्हाळ्यात कोल्हापुरात त्याला तोटा नाही. सालींच्या दीडपट तरी चिपाड आणि पाचोळा हवा, हे माहीत असूनही मी हात आखडता घेतला. कलिंगड म्हणजे नव्वद टक्के पाणी. दहाव्या दिवशी बॅरलच्या तळाला आंबट पाणी साचलं आणि आई जिन्यातूनच ओरडली, "काय आंबवाय ठेवलायस रे वर?" सगळं उपसलं, चिपाड कुस्करून घातलं, बॅरलला आणखी भोकं पाडली. चार दिवसांत वास गेला. मोसंबीची साल मात्र भलतीच चिवट. विळीवर बोटभर तुकडे केलेली विरून गेली, अख्खी टाकलेली मे महिन्यातही तशीच हाताला लागली.

मेच्या मध्यावर माल काळा, भुसभुशीत दिसला. चाळला आणि ९८ कप्प्यांचा ट्रे निखळ खतानं भरून लवंगी मिरची टोकली. बारा दिवसांत ३१ कप्प्यांत कोंब. त्यांचीही पहिली दोन पानं कडेनं तपकिरी, कागद विस्तवाजवळ धरल्यासारखी. आणि चार कप्प्यांत मिरचीच्या शेजारी चक्क पपई!

पपई बघून हसू आलं, पण खरी गोम तिथंच होती. बॅरल तापलंच नव्हतं. ढीग ५५ अंशांवर काही दिवस टिकायला लांबी-रुंदी-उंची मीटरभर तरी लागते. बॅरलमधली ऊब बाजूनं निघून जाते. पपईचं बी जगलं, तर कोवळी रोपं आडवी पाडणाऱ्या मर रोगाची बुरशीही जगलेली असू शकते.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. तीन पेल्यांत मेथीचे वीस-वीस दाणे पेरले: एकात कुंडीतली माती, एकात हे खत, एकात हेच खत धुऊन. मातीत १८ उगवले, खतात ७, धुतलेल्यात १२. न धुतलेल्या खतातली मुळं आखूड आणि टोकाशी करपलेली. म्हणजे दोन दोष होते. एक क्षार, फळांच्या सालींत पालाश (पोटॅश) भरपूर, तेच खतात उतरतं. दुसरा कच्चेपणा, कारण धुऊनही मातीची बरोबरी झाली नाही. ओलं खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांनी उघडलं, तर लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास आला. पिकलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास हवा. रंगावर जाऊ नका, मी तिथंच फसलो.

खत सावलीत पोत्यावर पसरलं, हाताला दमट लागेल इतकंच पाणी ठेवलं आणि दर आठवड्याला उलथलं. पाच आठवड्यांनी पुन्हा मेथी: १७ दाणे. मग बादलीला भोकं पाडून खतातून दुप्पट पाणी सोडलं. चहाच्या रंगाचं ते पाणी जास्वंदीला दिलं.

दुसऱ्या ट्रेला एक भाग खत, दोन भाग कोकोपीट (हो, आणलीच वीट) आणि मूठभर ट्रायकोडर्मा (मर रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी). निम्मं-निम्मं मिश्रण दोन रांगांत करून पाहिलं. त्यात रोपं उगवली, पण पाणी जास्त धरतं आणि वरचा थर शेवाळतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात ते परवडत नाही. निखळ खतापेक्षा तिसरा हिस्सा, हे माझ्यापुरतं पक्कं झालं. पुढच्या बॅरलमध्ये कलिंगड घालणार नाही.

९८ पैकी ८६ उगवली. मधे तीन दिवस झड लागली तेव्हा पत्र्याची एक पागोळी ट्रेच्या कडेवर पडत होती, माझ्या ध्यानात आलं नाही. त्या रांगेतली पाच रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी झाली. ती कप्प्यांतल्या मालासकट काढून टाकली, ट्रे हातभर आत सरकवला. बाकीची ८१ आज चार पानांवर आहेत.